तीन दिवे चालू, मोटार बंद : उसाच्या फडात भयपटाचा ताण कसा बांधायचा

आपल्याकडच्या हौशी भयपटांना एक सवय जडली आहे. पांढरी साडी, मोकळे केस, पिंपळ, आणि तिसऱ्या मिनिटाला कानठळ्या बसवणारा आवाज. प्रेक्षक दचकतो, हसतो आणि पुढच्या व्हिडिओकडे वळतो. दचकवायला अक्कल लागत नाही. माणसाला सात-आठ मिनिटं जागेवर खिळवून ठेवायचं, तेही पडद्यावर फारसं काही घडत नसताना, हे खरं काम. जुन्या रहस्य-भयपटांनी ते कसं केलं हे बघायला गेलं तर कॅमेरा, प्रकाश, संगीत या सगळ्यांच्या आधी एक गोष्ट सापडते : कुठली माहिती कुणाला कधी द्यायची, याचा हिशेब. बाकीची तंत्रं त्या हिशेबाची नोकर आहेत.

म्हणून हा लेख तंत्रांची यादी देत नाही. सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यातली एक छोटी गोष्ट घेऊ आणि तीच कागदापासून संकलनापर्यंत नेऊ. एक साधा कॅमेरा किंवा बरा फोन, एक ट्रायपॉड, वेगळा आवाज टिपायला दुसरा फोन आणि एक शेत एवढं पुरेल.

गोष्ट अशी. शेतीपंपाची थ्री फेज वीज पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. आज रात्री दहाची पाळी. पन्नाशीची शांताक्का मोटार चालू करणार, आणि कराडला गेलेला तिचा मुलगा सागर शेवटच्या एसटीनं येऊन फडाच्या पल्याडच्या टोकाला दारं धरणार, म्हणजे पाणी एका सरीतून पुढच्या सरीत वळवणार. मोटार चालू होते. आक्का बांधावरून चालत येते, तेव्हा पल्याड बॅटरीचा उजेड हलताना दिसतो. "आलास का रं?" असं ओरडून ती त्या उजेडाशी बोलत राहते. सागर मात्र कराडच्या स्टँडवर आहे. गाडी चुकली आहे आणि फोनची बॅटरी संपली आहे.

पायरी १ : कॅमेरा बाजूला ठेवा, वही घ्या

वहीच्या पानावर तीन रकाने आखा : आक्काला काय माहीत, प्रेक्षकाला काय माहीत, उजेडामागच्या माणसाला काय माहीत. प्रत्येक प्रसंगानंतर तिन्ही रकाने भरा.

आता सागरचं कराडच्या स्टँडवरचं दृश्य हातात घ्या. रिकामा फलाट, बंद फोन, बाकावर टेकलेला पोरगा. हे अर्ध्या मिनिटाचं दृश्य तुम्ही अगदी शेवटी ठेवलंत तर काय होईल? प्रेक्षक पाच मिनिटं आक्काबरोबर निवांत राहील, त्याला वाटेल मायलेकरं पाणी पाजतायत. शेवटी त्याला एक धक्का बसेल आणि चित्रपट संपेल. तेच दृश्य उचलून आक्का मोटार चालू करण्याच्या आधी ठेवा. मग ती "आलास का रं?" म्हणाली की प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो, आणि तिचं पुढचं प्रत्येक साधं वाक्य ("जेवलास का?", "स्वेटर घातलायस न्हवं?") त्याला सहन होईनासं होतं. एकही शॉट वाढलेला नाही, फक्त जागा बदलली.

रहस्यपटांचा दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉकनं फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रूफोला दिलेल्या प्रसिद्ध मुलाखतीत टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं ते याच हिशेबाचं. बॉम्ब अचानक फुटला तर पंधरा सेकंदांचा धक्का. तो तिथे आहे हे प्रेक्षकाला आधी कळलं आणि टेबलावरची माणसं गप्पा मारत बसली, तर पंधरा मिनिटांचा ताण.

पण सगळंच सांगून टाकायचं नाही. हिचकॉकच्याच १९६० च्या 'सायको'मध्ये मोटेलमागच्या घरात धोका आहे हे आपल्याला कळतं, धोका नेमका कोण हे शेवटपर्यंत झाकलेलं राहतं. आपल्याही गोष्टीत 'तो उजेड सागरचा नाही' हे सांगायचं, 'मग कुणाचा' हे नाही. पहिली गोष्ट लपवली तर ताण नाही, दुसरी सांगितली तर कुतूहल नाही.

याच पायरीवर दुसरा प्रश्न सोडवा, ज्यात बहुतेक भयपट गडगडतात : पात्र धोक्याकडे चालत का जातं? "कोण आहे तिकडं?" म्हणत अंधारात शिरणाऱ्या माणसावर आपला प्रेक्षक हसतो, आणि बरोबरच हसतो. आक्काला तिकडे ओढायला पाणीच वापरा. एक सरी भरली की दार मोडून पाणी पुढच्या सरीत सोडावं लागतं. पल्याडचा माणूस उजेड हलवतोय, पण दारं फिरवत नाही, कारण तो त्यासाठी आलेलाच नाही. सरी तुंबते, पाणी बांधावरून फुटायला लागतं. आक्का चिडते, "झोपलास का काय मुडद्या" म्हणत एक दार स्वतः मोडते, मग दुसरं. दर दाराला ती उजेडाच्या थोडी जवळ सरकते. वेगळं घड्याळ दाखवायला नको, सरीतून पुढे सरकणारं पाणी तेच काम करतं.

आणि आता हुकमाचा पत्ता. मोटार चालू-बंद करायच्या स्टार्टरच्या पेटीवर तीन फेजचे तीन दिवे असतात, लाल, पिवळा, निळा. तिन्ही पेटले म्हणजे लाईट आली. सुरुवातीच्या संध्याकाळच्या प्रसंगात आक्का हे बोलून दाखवते, म्हणजे शेत न बघितलेल्या प्रेक्षकालाही कळतं. मध्यरात्री मोटार बंद पडते. आक्का दूर आहे. ती म्हणते, "गेली लाईट." कट. मोटारीच्या खोलीत तिन्ही दिवे पेटलेले आहेत. लाईट गेलेली नाही, मोटार कुणीतरी बंद केली आहे. म्हणजे पल्याड एक जण आहे, की तोच एवढ्यात इकडे आला? प्रेक्षकाला हे कुणी समजावून सांगितलं नाही. ते त्यानं स्वतः जोडलं, म्हणून ते त्याला जास्त लागतं.

गावाकडचा प्रेक्षक इथे लगेच विचारेल, "ऑटो बसवला नाही का?" ऑटो म्हणजे लाईट असली की मोटार आपोआप चालू करणारं यंत्र. संध्याकाळच्या प्रसंगात "ऑटो जळालाय, दुरुस्तीला दिलाय" एवढं एक वाक्य टाका. ज्यांच्या आयुष्यातली गोष्ट आहे ते असली चूक माफ करत नाहीत.

पायरी २ : जागा निवडा, मग तिचा नकाशा प्रेक्षकाच्या डोक्यात बसवा

आपल्या भागात जागांची श्रीमंती आहे आणि तीच घात करते. साताऱ्याजवळ लिंब गावची बारा मोटेची विहीर आहे, अठराव्या शतकातली, सुमारे ११० फूट खोल, आत दगडी दालनं. वाईजवळ मेणवलीचा वाडा आणि घाट आहे. हे दिसलं की कॅमेरा हातात घेतलेल्या माणसाला आवरत नाही. माझं मत : पहिल्या चित्रपटाला या जागा टाळा. मेणवली प्रेक्षकानं 'स्वदेस'पासून इतक्या वेळा पाहिली आहे की भीती वाटायच्या आधी त्याला जागा ओळखल्याचा आनंद होतो. ओळखीच्या वास्तूपेक्षा कुणाचंही असू शकेल असं शेत जास्त भेडसावतं.

एक अपवाद करावासा वाटतो, तो सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांचा. हळद साठवायची ही जमिनीखालची कोठारं, वरून फक्त तोंड दिसतं, आत माणूस मावेल एवढी पोकळी. २००५ च्या महापुरात बरीच निकामी झाली. पायाखालीच काहीतरी आहे आणि वर माणसं गप्पा मारतायत, ही हिचकॉकच्या टेबलाची आयती मांडणी आहे. पण पेवात कॅमेरा घेऊन उतरू नका. आतली हवा कोंडलेली असते, माहीतगार लोकही तोंड उघडल्याबरोबर आत जात नाहीत. तोंडाचा शॉट वरून घ्या आणि आतला भाग कुठल्याही अंधाऱ्या खोलीत उभा करा.

आपल्या गोष्टीपुरतं शेत बघताना तीन ठिकाणं पक्की करा : मोटारीची खोली, पाटाचं तोंड, पल्याड उजेड दिसणार ती जागा. संध्याकाळच्या उजेडात एका मोठ्या दृश्यात ही तिन्ही एकदा दिसली पाहिजेत. ड्रोनची गरज नाही, पाण्याच्या टाकीवरून किंवा ट्रॉलीवर उभं राहून जमतं. पुढे अंधारात प्रेक्षकाला काही दिसणार नाही, तेव्हा तो या नकाशावर चालणार आहे. खोली चौकटीत डावीकडे, उजेड उजवीकडे, हे ठरलं की शेवटपर्यंत पाळा. बांध ही तुमची रेषा समजा आणि कॅमेरा तिच्या एकाच अंगाला ठेवा. एकदा जरी पल्याड उडी मारलीत तरी आक्का उजेडाकडे चाललीय की लांब, हे कळेनासं होतं, आणि गोंधळलेला माणूस घाबरत नाही.

हंगामाचं भान ठेवा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गळीत सुरू झालं की तोडणीची टोळी कधी दारात येईल सांगता येत नाही, आणि आलेल्या टोळीला "आमचा एक सीन राहिलाय" म्हणून थांबवणारा शेतकरी अजून जन्माला यायचा आहे. डोक्यावर गेलेला ऊस दिसणारे सगळे शॉट आधी उरका, खोलीतले मागे ठेवा.

रात्री शेतात बॅटऱ्या हलताना दिसल्या की मोटार किंवा केबल चोरायला कुणी आलं असं समजून आजूबाजूचे लोक काठ्या घेऊन येतात. मालकाची परवानगी घ्याच, शिवाय शेजारच्या वस्तीला आणि पोलीस पाटलांना सांगून ठेवा. सगळ्यांच्या पायात गमबूट हवेत. कराड-शिराळ्याच्या पट्ट्यात बिबट्या ही ऐकीव गोष्ट नाही, त्यामुळे एकट्या माणसाला फडाच्या टोकाला बॅटरी देऊन उभं करू नका, दोघं-तिघं ठेवा. स्टार्टरचे शॉट वायरमन हजर असताना, कोरड्या जमिनीवर. आक्का ओल्या हातानं बटण दाबतेय असं दाखवायचंच असेल तर पुरवठा तोडून घ्या. कोयता बोथट, आणि हातात धरायच्या शॉटमध्ये लाकडी.

पायरी ३ : शॉट ठरवणं

कोयत्याचा विषय निघाला आहे तर तिथूनच सुरुवात करू, कारण या चित्रपटातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जबर शॉट तोच आहे. मोटारीच्या खोलीत खिळ्याला कोयता टांगलेला असतो. खोलीची एकच चौकट ठरवा : डावीकडे स्टार्टर, उजवीकडे दार, मध्ये खिळा. ही चौकट चित्रपटात तीनदा येईल. संध्याकाळी, कोयता आहे. रात्री दहाला आक्का मोटार चालू करून बाहेर पडते, कोयता आहे. मोटार बंद पडल्यावर, तीन दिवे पेटलेले, खिळा रिकामा.

तिन्ही वेळा ट्रायपॉडची जागा, उंची, लेन्स तंतोतंत तीच हवी. पायांच्या जागा खडूनं आखून ठेवा. बाकी सगळं जसंच्या तसं राहिलं तरच बदललेली एक वस्तू डोळ्याला टोचते. आणि खिळ्याचा क्लोजअप घेऊ नका. मोह होईल, पण क्लोजअप म्हणजे बोट दाखवून सांगणं. ज्याला रिकामा खिळा स्वतःहून दिसला तो शेजारच्याला कोपरानं डिवचतो, ते जास्त मोलाचं.

दुसऱ्या वेळच्या शॉटमध्ये आक्का चौकटीबाहेर गेल्यावर कॅमेरा लगेच बंद करू नका. रिकामी खोली चार-पाच सेकंद तशीच ठेवा. पात्र निघून गेलं तरी कॅमेरा थांबला, म्हणजे इथे अजून काहीतरी आहे, एवढं प्रेक्षकाला आपोआप कळतं.

बांधावरच्या प्रसंगाची वीण वेगळी. आक्का बघतेय, तिला उजेड दिसतो, आक्काचा चेहरा. बघणं, दिसणं, वाटणं, या तीन तुकड्यांनी प्रेक्षक तिच्या डोळ्यांत जाऊन बसतो. दोन-तीनदा ही साखळी पुरी करा, म्हणजे त्याला तिची सवय लागेल. मग मोडा : आक्का बघतेय, आणि पुढचा शॉट उजेडाचा नाही, आक्काचा पाठमोरा, फडाच्या आतून, पानांआडून घेतलेला. हा कुणाच्या नजरेचा हे सांगायचं नाही. कॅमेरा हातात धरायचा असेल तर फक्त इथे. बाकी सगळीकडे ट्रायपॉड ठेवलात तर हा एकच थरथरता शॉट अंगावर येईल.

लेन्सबद्दल थोडं. 'सायको'चं बहुतांश चित्रण ५० मिमीच्या लेन्सनं झालं, कारण हिचकॉकला माणसाच्या डोळ्याच्या जवळचं दिसणं हवं होतं. फोनवर काम करत असाल तर अति-रुंद लेन्सला हात लावू नका. तिच्यात ऊस लांब पळतो आणि शेत सहलीच्या व्हिडिओसारखं दिसतं. फोनची मुख्य लेन्स किंवा दुप्पट झूम वापरा. उजेड आणि आक्का एका चौकटीत घ्यायच्या असतील तेव्हा मागे लांब जाऊन झूम लावा. दोनशे फुटांवरचा उजेड तिच्या खांद्यामागे आल्यासारखा दिसेल.

कॅमेऱ्याच्या उंचीनं एक अवघड गाठ सुटते : माणूस दाखवायचा पण चेहरा नाही, आणि लपवतोय असंही वाटू द्यायचं नाही. 'सायको'त गुप्तहेर जिना चढून वर येतो तेव्हा कॅमेरा एकदम छताजवळ जातो. वरून बघितल्यामुळे खोलीतून धावत येणाऱ्या आकृतीचा चेहरा दिसत नाही, आणि पाठोपाठ येणारा गुप्तहेराच्या चेहऱ्याचा क्लोजअप त्या उंचीमुळे दुप्पट मोठा भासतो. पाठमोरा शॉट घेतला असता तर प्रेक्षकाला लबाडी लगेच कळली असती. आपल्याकडे खोलीच्या पत्र्याला लागून कॅमेरा वर बांधा. आक्का दारात येते, पायांशी पाणी, आणि चौकटीच्या कडेनं फक्त एक टोपी आणि खांदा सरकतो.

उजेडामागचा माणूस याहून जास्त दाखवायचा नाही. 'जॉज'च्या (१९७५) चित्रीकरणात यांत्रिक शार्क सारखा बिघडत होता, म्हणून दिग्दर्शकाला त्याच्याविना काम भागवावं लागलं. शार्कला अडकवलेली, पाण्यावर ओढली जाणारी पिवळी पिंपं दिसली की शार्क आला असं समजायचं. ती अडचण चित्रपटाच्या पथ्यावर पडली. आपली बॅटरी म्हणजे ते पिंप. तिला स्वभाव द्या : आक्का बोलली की उजेड थांबतो, ती गप्प झाली की हलतो, आणि एकदा, फक्त एकदा, तो विझतो.

पायरी ४ : अंधाराला उजेड लावा

काळाकुट्ट पडदा भीतीदायक नसतो, तो नुसता काळा असतो. प्रेक्षकाला थोडं दिसलं पाहिजे, आणि जे दिसत नाही ते कुठे आहे हे कळलं पाहिजे.

रुंद दृश्यं सूर्य मावळल्यानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत उरका. आकाशात निळाई उरलेली असते, फडाची वरची कड त्यावर स्पष्ट दिसते, आणि पडद्यावर ती रात्र म्हणून खपते. वेळ एवढाच असल्यानं दिवसा जागेवर तालीम करून ठेवा. एका संध्याकाळी एकच रुंद शॉट नीट होतो, फार तर दोन.

उरलेलं खऱ्या अंधारात. मुख्य दिवा एकच, आक्काच्या हातातली बॅटरी. पण तिच्या जोरावर चेहरा दिसत नाही, म्हणून दुसऱ्या माणसानं एक पांढरा पुठ्ठा तिच्या छातीच्या उंचीला चौकटीबाहेर धरावा. बॅटरीचा झोत त्यावर पडून चेहऱ्यावर मऊ उजेड येतो आणि तो बॅटरीचाच वाटतो. मागच्या उसाला पाठीमागून उजेड लागतो. फडाच्या पल्याड बोलेरो किंवा ट्रॅक्टर उभा करून हेडलाईट लावले तर पानांच्या कडा चमकतात आणि आत काळोख उरतो. समोरून उजेड मारलात की हिरवा पडदा टांगल्यासारखं दिसेल, मग त्यात कुणी लपलंय असं कुणालाच वाटणार नाही.

फोनचं आपोआप उजळणं बंद करा. एक्स्पोजर आणि फोकस लॉक, नाहीतर बॅटरी वळली की सगळं चित्र श्वास घेतल्यासारखं मागेपुढे होतं. फ्रेम रेट २५, शटर १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, या आकड्यांवर खोलीतला बल्ब आणि एलईडी पडद्यावर लुकलुकत नाहीत. आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) चढवून उजेड आणण्यापेक्षा दिवा दोन पावलं जवळ आणा.

रात्री शेतात जाणं जमतच नसेल तर दिवसा घेऊन रात्र करता येते. सूर्य पात्राच्या पाठीशी ठेवायचा, आकाश चौकटीत येऊ द्यायचं नाही, व्हाइट बॅलन्स ३२०० केल्विनवर टाकायचा म्हणजे चित्र निळं होतं, आणि एक्स्पोजर दोन स्टॉप खाली, म्हणजे उजेड एक चतुर्थांश. चांदण्या रात्रीपुरतं चालतं, पण यात बॅटरीचा झोत दिसत नाही, त्यामुळे आपल्या गोष्टीला हा मार्ग अर्धवटच पुरेल.

पायरी ५ : अभिनय

सांगलीत नट मिळायला अडचण नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' इथेच उभं केलं आणि तेव्हापासून या गावाला नाटकाचं वेड आहे. अडचण दुसरीच : शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं बोलायची सवय. आक्काला घाबरायला सांगूच नका. तिला खोरं द्या, चिखल द्या, तुंबलेली सरी द्या, आणि पोरावर चिडायला सांगा. ती कामात असली की तिच्या वाटची भीती प्रेक्षक वाहतो. ती तिसऱ्याच मिनिटाला डोळे मोठे करून इकडेतिकडे बघायला लागली तर त्याला काही कामच उरत नाही.

भीतीचा एकच क्षण द्या. उजेड विझल्यावर ती हाक मारते, "सागर?" इतका वेळ सागऱ्या, मुडद्या म्हणणारी आई पूर्ण नाव घेते. तेवढं पुरे.

पायरी ६ : आवाज, ज्याला अर्धा वेळ द्यावा

बहुतेक लोक चित्रीकरण संपल्यावर इंटरनेटवरून 'हॉरर बॅकग्राउंड' उतरवतात. त्या गोंगाटानं एकच होतं, पहिल्या सेकंदाला प्रेक्षक सावध होतो आणि पुढे त्याला कशाचंच काही वाटत नाही.

आधी शेत काय वाजवतं ते ऐका. रातकिडे, पाटातलं पाणी, उसाच्या पानांची सळसळ, लांबच्या रस्त्यावरची गाडी. चित्रीकरणाच्या रात्री सगळ्यांना गप्प बसवून यातला प्रत्येक आवाज वेगवेगळा दोन-दोन मिनिटं टिपा. वारा मायक्रोफोनवर घोंघावतो, म्हणून त्याला केसाळ कापडाचं टोपडं घाला किंवा निदान आडोसा करा. मोटारीची खबरदारी आधीच घ्या : विहिरीत पाणबुडी मोटार असेल तर वर काहीच ऐकू येत नाही. काठावर बसवलेली जुनी मोटार शोधून तिची घरघर टिपून आणा, किंवा पाईपच्या तोंडातून पडणाऱ्या धारेचाच आवाज मुख्य धरा.

आता बांधणी. मोटारीचा आवाज पहिल्यापासून सतत ठेवा, इतका की प्रेक्षक तो ऐकायचंच विसरेल. ती बंद पडली की पोकळी पडते. तिथे लगेच संगीत भरू नका. धार बारीक होते, थेंबांवर येते, आणि मग रातकिडे ऐकू यायला लागतात, जे खरं तर आधीपासून होतेच. पाच-सहा सेकंदांनी रातकिडेही थांबवा. जवळून कुणी चाललं की ते गप्प होतात, हे रात्री शेतात गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कुठल्या बाजूचे थांबले एवढं हेडफोनच्या डाव्या-उजव्यानं सांगितलंत की चालणारा माणूस न दाखवताच चालतो.

संगीत वापरायचंच असेल तर कमी वाद्यांत. 'सायको'साठी संगीतकार बर्नार्ड हरमननं फक्त तंतुवाद्यं वापरली. गंमत म्हणजे स्नानगृहातल्या हत्येच्या प्रसंगाला संगीत नकोच असं हिचकॉकचं आधी मत होतं, हरमननं रचून ऐकवल्यावर त्यानं ते बदललं. तुमच्याकडे हरमन नसेल तर हिचकॉकचा पहिला विचार पाळा.

चाकूच्या घावांचा आवाज त्यांनी खरबुजाच्या जातीच्या फळावर सुरी मारून मिळवला होता. कोयत्यासाठी केळीचा खांब, भोपळा, ओलं पोतं, जे हाताशी असेल त्यावर मारून बघा आणि डोळे मिटून ऐका. आवाजाचं काम करणाऱ्या आमच्या ओळखीतल्या एका माणसाचं म्हणणं असं की खरा आवाज नेहमी फुसका निघतो. केळीच्या खांबापुरतं तरी ते पटतं.

पायरी ७ : संकलन

पहिल्यांदा चित्रपट आवाज बंद करून जोडा. नुसत्या चित्रांच्या क्रमावर नकाशा कळतो का, खिळा दिसतो का, तीन दिव्यांचा अर्थ लागतो का? इथे जे अडलं ते संगीतानं सुटत नाही.

मग वेळ. 'सायको'तल्या स्नानगृहाच्या हत्येसाठी जवळपास आठवडाभर चित्रण झालं, ७८ कॅमेरा-मांडण्या आणि ५२ कट ही त्याची प्रसिद्ध गणती. सगळे त्या कटांची नक्कल करतात. त्याच्या आजूबाजूला काय आहे ते बघा : आधी दोन माणसांच्या सँडविच खात चाललेल्या लांब गप्पा, नंतर साफसफाईचा लांबलचक, जवळपास बिनसंवादाचा प्रसंग. आधी संथपणा असला तरच ते पाऊण मिनिट फाडून जातं. त्या साफसफाईच्या शेवटी गाडी दलदलीत बुडता बुडता क्षणभर अडकते, आणि खून लपवणाऱ्या माणसाबरोबर आपणही श्वास रोखतो, की बुडू दे बाई एकदाची. ज्याच्या हातातलं काम आपण इतका वेळ बघितलं त्याच्या बाजूला आपण नकळत जातो. आक्काच्या दारं मोडण्यावर कात्री चालवताना हे आठवा. पहिलं दार मोडण्याची क्रिया पूर्ण ठेवा, खोरं, माती, वळलेलं पाणी. दुसरं अर्धं. तिसऱ्याला फक्त खोऱ्याचा आवाज आणि पल्याडचा उजेड.

आवाज चित्राच्या आधी आणा. आक्का अजून बांधावर दिसतेय आणि खोलीच्या दाराची कडी ऐकू येते, चित्र दोन सेकंदांनी. जिथे ताण वाढवायचा तिथे हे करा, सगळीकडे केलंत तर ती नुसती सवय होते.

खोटी हूल एकदाच द्या. १९४२ च्या 'कॅट पीपल'मध्ये रात्री रस्त्यानं एकटी चाललेली बाई मागच्या चाहुलीनं धास्तावते, आपण झडपेची वाट बघतो, आणि चौकटीत फिसकन ब्रेक मारत बस येऊन थांबते. निर्माता व्हॅल ल्यूटनच्या नावानं ही युक्ती पुढे रूढ झाली. आपल्याकडे बस नको, ती कराडच्या स्टँडवर होऊन गेली आहे. फडातून रानडुक्कर किंवा कुत्रं फुटून पळालं तर चालेल, पण ते मोटार बंद पडायच्या आधी. नंतर दिलीत तर साचलेला सगळा ताण त्या कुत्र्यावर खर्च होतो.

जोडणी झाली की गोष्ट माहीत नसलेल्या दोघांना दाखवा, आणि स्वतः पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघा. कुठे ते फोन चाळतात, कुठे हात तोंडाशी जातो, त्याची वेळ लिहून ठेवा. नंतर "आवडला का?" विचारू नका. "मोटार कुणी बंद केली असं तुम्हाला कधी वाटलं?" हे विचारा. उत्तर दिव्यांच्या शॉटपाशी आलं नाही तर संध्याकाळच्या प्रसंगात परत जा, तिथे आक्कानं दिवे नीट शिकवले नाहीत.

शेवटची तपासणी फोनच्या स्पीकरवर, कारण बहुतेकांकडे हा चित्रपट व्हॉट्सअॅपवरून पोचणार आहे. मोटारीची खालच्या पट्टीतली घरघर त्या बारक्या स्पीकरमधून येतच नाही, आणि जी ऐकू आली नाही ती बंद पडल्याचं कुणाला कळणार? घरघरीवर बेअरिंगची किंवा पट्ट्याची एक चिरकी किरकिर चढवा आणि पाईपच्या धारेचा आवाज थोडा वाढवा. मग फोन हातभर लांब धरून, पंखा चालू ठेवून, मोटार थांबण्याची जागा पुन्हा ऐका.